हिवतापाचे अर्धे चक्र पाहणारा डॉक्टर

पावसाळा सरताना येणारा हिवताप सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पूर्वापार ठाऊक आहे. रायगडाच्या वाटेवरील नाते गावाहून महाड, पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढला, की महाबळेश्वरापलीकडे सातारा लागतो. एकोणिसाव्या शतकात साताऱ्यात सिव्हिल सर्जन असलेल्या एका इंग्रज डॉक्टरांनी पुढे मुंबईत या तापाचा जंतू पाहिला. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे त्यांचे नाव.

कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील चित्रकार होते. ती कला मुलाकडेही आली. शरीररचनाशास्त्रावरील १८५८ चा ‘ग्रेज ॲनॅटॉमी’ हा ग्रंथ हेन्री ग्रे यांच्या नावाने अजरामर झाला. त्यातील चित्रे मात्र कार्टर यांची. श्रेयात मागे राहिलेले कार्टर त्याच वर्षी मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्यात होते. कुष्ठरोगाचा त्यांनी चिकाटीने अभ्यास केला. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली, तेव्हा त्याचे जंतू त्यांनी रुग्णांच्या रक्तात दाखवून दिले. या संशोधनात त्यांना स्वतःलाही तो ताप जडला.

हिवतापाचा परोपजीवी जंतू फ्रेंच डॉक्टर लॅव्हराँ यांना १८८० मध्ये अल्जीरियात दिसला होता. त्यावर अनेकांचा विश्वास नव्हता. कार्टर यांनी १८८७ मध्ये मुंबईतील रुग्णांच्या रक्तात त्याची निरनिराळी रूपे पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तांबड्या पेशीत शिरायचे, तेथे वाढून विभागायचे, पेशी फोडून बाहेर पडायचे, हा या जंतूचा क्रम. पेशी फुटतात तेव्हा रुग्णास हुडहुडी भरते. मात्र भारतात या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही. रोनाल्ड रॉस हेसुद्धा १८९४ पर्यंत या जंतूबाबत साशंक होते.

रक्तातील मुक्काम हे जंतूच्या जीवनचक्राचे केवळ एक अंग होते. दुसरे अंग डासाच्या पोटात चालते, हे कार्टर यांना कळले नाही. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी गेले आणि ४ मे १८९७ रोजी क्षयाने निवर्तले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्टला, सिकंदराबादेत रॉस यांना डासाच्या जठरात जंतू आढळला. १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना त्यांनी जंतूचा प्रवास डासाच्या लाळग्रंथीपर्यंत दाखवला. त्यासाठी १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. डास चावल्यावर जंतू प्रथम यकृतात वाढतो, हा माणसातील दुवा तर १९४८ मध्ये उलगडला.

आजही हिवतापाच्या निदानासाठी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. भारतात ही वाट प्रथम चोखाळणाऱ्यांत कार्टर होते; एवढे श्रेय तरी त्यांच्या पदरी पडायला हवे.