मतांतून उभे राहिलेले टस्कीगी

बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव आपल्या सभांतून नेहमी घेतले जाते. गुलाम म्हणून जन्मले, शाळा काढली, मोठे झाले. एवढे सांगून वक्ते पुढे जातात. अमेरिकेतील अलाबामा राज्यातले त्यांचे टस्कीगी विद्यापीठ कशाच्या बळावर सुरू झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आम्ही वकिली करतो, त्यामुळे आमची नजर आधी तिथेच जाते.

१८८० साली तेथील एका गोऱ्या उमेदवाराला राज्याच्या सिनेटवर निवडून यायचे होते. त्यासाठी काळ्यांची मते हवी होती. लुईस ॲडम्स हे पूर्वीचे गुलाम, पत्र्याची कामे करणारे कारागीर; समाजात त्यांचा शब्द चाले. मतांच्या बदल्यात त्यांनी स्वतःसाठी काही न मागता समाजासाठी शाळा मागितली. उमेदवार निवडून आला आणि शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर झाले. जमीन नाही, इमारत नाही. मुख्याध्यापक म्हणून आले २५ वर्षांचे वॉशिंग्टन.

त्यांचा जन्म १८५६ चा, व्हर्जिनियातला. मुक्तीनंतर ते मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबले. १८७२ मध्ये हॅम्प्टनच्या शाळेत पोहोचले, तेही बरेच अंतर पायी तुडवून. (जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केली, ती पुढच्याच वर्षी.) तिथे झाडलोट करून ते शिकले.

४ जुलै १८८१ रोजी टस्कीगीत एका पडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांनिशी वर्ग भरला. पुढे उसनवारीवर १०० एकरांचा जुना मळा घेतला. इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच पाडायच्या ठरल्या. तीन भट्ट्या वाया गेल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकले आणि ती साधली. आम्ही पोरे शिकायला पाठवली, राबायला नव्हे, अशी तक्रार काही पालकांनी केली. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांची ती तक्रार आम्हाला मुळीच गैर वाटत नाही. परंतु त्याच विटा गोरे शेजारी विकत घेऊ लागले, हेही खरे. पुढे वास्तुविशारद रॉबर्ट टेलर आले, १८९६ मध्ये शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर आले.

१८९५ मध्ये अटलांटाच्या भाषणात वॉशिंग्टन यांनी आधी हुन्नर, राजकीय हक्क नंतर, अशी भूमिका मांडली. डू बॉईस यांनी १९०३ मध्ये त्यावर कठोर टीका केली. आमचे मत डू बॉईस यांच्या बाजूचे आहे. ज्या मतांनी शाळा मिळाली, ती मतेच अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने काळ्यांकडून काढून घेतली. हुन्नर हाती होता, मत गेले.

तरीही माणूस एकाच भाषणावरून तोलू नये. या घटनेविरुद्ध जॅक्सन जाइल्स नावाचा काळा नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या दाव्याचा खर्च वॉशिंग्टन यांनी गुपचूप पुरवला होता. १९०३ मध्ये दावा फेटाळला गेला.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजी वॉशिंग्टन वारले. त्या वेळी बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. टस्कीगीत तेव्हा सुमारे १,५०० विद्यार्थी आणि शंभरावर इमारती होत्या. १९८५ मध्ये संस्था विद्यापीठ झाली. आज तेथे अभियांत्रिकी, वास्तुकला, पशुवैद्यक शिकवले जाते.

१९५७ मध्ये टस्कीगी शहराची हद्द अशी वेडीवाकडी आखण्यात आली, की जवळजवळ सगळे काळे मतदार शहराबाहेर पडले. त्याविरुद्ध न्यायालयात गेले ते याच संस्थेतले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.