उस्ताद अहमदजान थिरकवा

आज मी तुम्हाला एका थोर तबलावादकाची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव उस्ताद अहमदजान थिरकवा.

त्यांचा जन्म १८९२ च्या सुमारास मुरादाबाद येथे झाला. हे गाव आता उत्तर प्रदेशात आहे. घरात सगळे गाणारे-वाजवणारे. लहानपणी ते गाणे व सारंगी शिकले. पण त्यांचे मन ओढले तबल्याने. बाराव्या वर्षी ते मुंबईच्या उस्ताद मुनीर खाँ यांचे शिष्य झाले. बारा वर्षे म्हणजे आपल्या सातवीतल्या दादांएवढेच की! त्यांची बोटे तबल्यावर नाचताना पाहून गुरूंच्या वडिलांनी त्यांना थिरकवा हे नाव दिले, असे सांगतात. थिरकणे म्हणजे नाचणे.

आता तबला शिकतात कसा, ते सांगतो. मला तर हेच सगळ्यात आवडले. तबल्याची भाषा असते. उजव्या हाताने तबल्याच्या कडेला मारले की ना. डाव्या हाताने डग्गा घुमवला की गे. दोन्ही हात एकदम पडले की धा. या शब्दांना बोल म्हणतात. बोल आधी तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी द्यायची. ते पाठ झाले की मग तबल्याला हात लावायचा. कारण तोंड अडखळले की हातही अडखळतो. बोलात कोणता हात, कोणती जागा, सगळे आलेले असते. धी म्हटले तर डग्गा घुमतो. ती म्हटले तर डग्गा गप्प. एका अक्षराचा फरक, पण ताल कुठे पोचला ते ऐकणाऱ्याला कळते.

मुनीर खाँ स्वतः पुष्कळ गुरूंकडे शिकलेले होते. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद अशी तबल्याची घराणी आहेत. प्रत्येकाचे बोल वेगळे, ते वाजवायची तऱ्हाही वेगळी. त्या काळी बहुतेक विद्या गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायची. शिष्य विसरला किंवा गुरूने सांगितलेच नाही, तर तो बोल कायमचा गेला. अशी किती विद्या गेली असेल! थिरकवांनी मात्र चारही घराण्यांचे बोल डोक्यात साठवले आणि म्हातारपणापर्यंत वाजवले.

महाराष्ट्रात लोक त्यांना ओळखू लागले ते बालगंधर्वांमुळे. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्व गात, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा. नाटकाला आलेली माणसे तबलाही कान देऊन ऐकत. पुढे ते रामपूरच्या नबाबांच्या दरबारात होते. नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. शेवटच्या काळात मुंबईलाही शिकवत होते. लालजी गोखले, भाई गायतोंडे, निखिल घोष हे त्यांचे शिष्य. निखिल घोष यांनी तर ताल कागदावर लिहायची नवी पद्धत काढली. तरी बोल किती जोरात, किती हळू म्हणायचा ते कागदावरून नीट कळत नाही. ते ऐकावेच लागते.

आपल्या शाळेत तबल्याची एकच जोडी आहे आणि शिकणारे आम्ही चौदा जण. एक जण वाजवतो, बाकीचे मांडीवर टाळी देत बोल म्हणतात. घरी गेल्यावरही आमचे तेच चालते. काही पालकांना वाटते, पोरं नुसती बडबडतात, अभ्यास बुडतो. माझ्या बाबांनाही वाटायचे. पण आमचे बाबा भजनी मंडळात खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने म्हणतात. एकदा मी बोल म्हणत होतो तर त्यांचीच बोटे ताटावर चालू लागली. मग काही बोलले नाहीत.

खाँसाहेब १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौला वारले. त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका आहेत. बाईंनी एक मोबाईलवर ऐकवली, आवाज बारीक होता तरी वर्ग चूप बसला होता.

खाली दादरा लिहिला आहे. सहा मात्रा आहेत. पालकांनी इथेच उभे राहून म्हणून पाहावे. पहिल्या धा ला टाळी, दुसऱ्या धा ला हात नुसता बाजूला न्यायचा.

धा धी ना । धा ती ना