जावजी दादाजी : चाकरीतून घडलेला प्रकाशक

मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास आपण बहुधा लेखक आणि संपादक यांच्या नावांनी लिहितो. ग्रंथ ज्या कारखान्यात आकाराला येतो तेथील नोकरवर्गाचा अनुभव त्यात क्वचितच डोकावतो. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे. गरिबीतून वर आलेला उद्योजक, एवढ्यापुरतीच त्यांची ओळख सीमित ठेवली तर छापखान्यातील चाकरीने त्यांना काय दिले, हा मूळ प्रश्न दुर्लक्षित राहतो.

जावजींचे शालेय शिक्षण जेमतेम झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात दरमहा दोन रुपये वेतनावर खिळे घासण्याच्या कामावर लागले. हा छापखाना म्हणजे तत्कालीन मुंबईतील एक मोठी मुद्रण-प्रकाशन संस्था होती. धर्मपुस्तकांपासून 'ज्ञानोदया'पर्यंत विविध मजकूर तेथे छापला जाई आणि टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळेही तेथेच तयार होत.

अशा संस्थेत कामाची काटेकोर विभागणी असते. एक जण पोलादावर अक्षर कोरतो, दुसरा मातृका तयार करतो, तिसरा धातू ओततो. जुळारी खिळे जुळवतो, यंत्रावरचा माणूस छापतो आणि शास्त्री मुद्रिते तपासतो. यांपैकी कोणालाही समग्र ग्रंथ पाहण्याची गरज पडत नाही. घासणाऱ्या मुलाच्या वाट्याला तर केवळ ओतीव खिळ्याच्या कडांचा खडबडीतपणा काढून टाकण्याचे काम येते. मात्र हे काम नीट झाले नाही तर ओळ सरळ बसत नाही आणि अक्षर उमटत नाही. जावजींना देवनागरी लिपी अशी बोटांतून कळली. ज्या वयात इतर मुले अक्षरे गिरवतात त्या वयात ते उलटी अक्षरे हाताळत होते.

पुढे त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि 'इंदुप्रकाश' यांच्या छापखान्यांत नोकरी केली. या ठिकाणांमधून कामाच्या एकेका शाखेची त्यांची जाण वाढत गेली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा उद्योग सुरू केला तो खिळ्यांच्या ओतशाळेचा. छापखाना त्यानंतर पाच वर्षांनी, १८६९ मध्ये निघाला. हा क्रम कारागिराच्या अनुभवातून आलेला आहे. संस्कृत मजकुरातील जोडाक्षरांसाठी शेकडो निरनिराळे खिळे लागतात. ते दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्या मुद्रकाला तुटक्या किंवा अपुऱ्या खिळ्यांवर निभावून न्यावे लागते, आणि त्याचा परिणाम अखेर पाठाच्या शुद्धतेवर होतो. या कामी राणोजी रावजी आरू या कुशल अक्षरकारागिराचे साह्य त्यांना लाभले. निर्णयसागरच्या सुबक अक्षरवळणाचे श्रेय आरूंकडेही जाते.

निर्णयसागर पंचांगाने या संस्थेचे नाव घरोघर पोहोचवले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक येथून निघू लागले. १८८६ मध्ये पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली 'काव्यमाला' सुरू झाली. १८९० पासून वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली 'काव्यसंग्रह' या मालेतून प्राचीन मराठी कविता प्रसिद्ध होऊ लागली. या उपक्रमांचे स्वरूप नियतकालिक होते, ही बाब लक्षणीय आहे. अंक वेळेवर काढायचा म्हणजे पाठनिर्णय, जुळणी आणि मुद्रितशोधन यांना मुदतीचे बंधन आले. पूर्वी विद्वानाच्या सवडीने होणारे पाठसंपादन येथे छापखान्याच्या वेळापत्रकाशी जोडले गेले.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले आणि तुकाराम जावजी यांनी संस्थेची धुरा सांभाळली. निर्णयसागरच्या मुखपृष्ठांवर संपादकाचे नाव आहे, मालकाचेही आहे. जुळाऱ्याचे व खिळे घासणाऱ्याचे नाही. स्वतः त्या श्रेणीतून आलेल्या मालकाच्या संस्थेतही ही प्रथा बदलली नाही. हा दोष एकट्या जावजींचा मानता येणार नाही. मोठ्या प्रकाशनसंस्थेची रचनाच तशी असते. आरूंचे नावदेखील आज मुद्रणाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

भंडाऱ्यासारख्या, मोठ्या हस्तलिखित संग्रहांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात अध्यापन करणाऱ्यांना या वस्तुस्थितीचे महत्त्व विशेष जाणवावे. आपल्या विद्यार्थ्यांपुढे मूळ पोथी नसते, छापील प्रत असते, आणि तिच्यावरच त्यांचे सारे अर्थनिर्णयन उभे राहते. त्या प्रतीची विश्वसनीयता संपादकाच्या विद्वत्तेइतकीच अनामिक नोकरांच्या दक्षतेवर अवलंबून असते. जावजींचे चरित्र वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात यावे ते या कारणासाठी. खिळे घासण्याच्या चाकरीपासून पाठसंपादनापर्यंतचा प्रवास एकाच आयुष्यात घडल्याने, वाङ्मय ज्या श्रमांवर उभे असते त्या श्रमांचा हिशेब मांडण्याची सुरुवात तेथून करता येते.