न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

पेशवाईतील न्यायदानाचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव प्रथम ओठांवर येते. १९४४ साली 'प्रभात'च्या बोलपटाने ते घरोघरी नेले. तथापि एका खुनाच्या निवाड्यापुरतेच त्यांचे स्मरण राहावे, हा त्यांच्यावर थोडा अन्यायच होय.

साताऱ्याजवळील माहुली हे त्यांचे गाव. बालपणी ते साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे आश्रित होते. धन्याच्या कानातील भिकबाळीकडे टक लावून पाहिल्याबद्दल टोमणा ऐकावा लागला आणि त्या क्षोभात त्यांनी काशीची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. तिचा तपशील कसाही असो. इतर मुलांचे अध्ययन संपते त्या वयात, विशीच्या सुमारास, त्यांनी ते आरंभिले व धर्मशास्त्रात पारंगत होऊनच ते परतले. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या सेवेत शिरले. १७५९ मध्ये न्यायाधीशपद त्यांच्याकडे आले.

त्या काळी गावचा तंटा पाटील-कुलकर्णी व गोतसभेपुढे, वतनाचा मोठा वाद परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांपुढे आणि तेथेही न तुटल्यास पुण्यास हुजुरात जाई. निवाडा मान्य करू असा राजीनामा उभय पक्षांकडून आधी लिहून घेत, जामीन घेत. मग करीने, साक्षी, जुने कागद, आणि काहीच उलगडा न झाल्यास दिव्य. जिंकणाऱ्याने हरकी द्यावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे न्याय कोणालाच फुकट मिळत नसे! या साऱ्या व्यवस्थेत एक वैगुण्य मात्र मूळचेच होते. न्यायाधीशाची नेमणूक पेशव्यांची, वेतन पेशव्यांचे आणि निवाड्याची अंमलबजावणीही पेशव्यांच्याच हाती. न्यायासनाला स्वतःचे असे बळ नव्हते. ते त्यावर बसणाऱ्याने आणावयाचे.

थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत हे निभावले. राज्यकारभार बाजूस सारून जपात रमलेल्या या तरुण धन्याला शास्त्रीबोवांनी काशीयात्रेची तयारी दाखवून भानावर आणले, असे सांगतात. ऐकणारा धनी होता, म्हणून ते साधले.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव निवर्तले. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा वध केला आणि राघोबादादा पेशवे झाले. आता चौकशी करावयाची ती ज्याच्या अन्नावर राहावयाचे त्याचीच. फिर्यादीस कोणी पुढे आले नव्हते. तरीही रामशास्त्र्यांनी काही आठवडे माग काढला, पुरावा जमविला आणि दादांना समोरासमोर दोषी ठरविले. देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय दिला. पत्रातील अक्षर कोणी फिरविले, आनंदीबाईंचा हात किती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. निर्णय अमलात येणार नाही हे शास्त्र्यांना कळत नव्हते असे कसे म्हणावे? त्यांनी पद सोडले आणि ते वाईजवळील पांडववाडीस जाऊन राहिले.

दादांची सत्ता टिकली नाही. बारभाईंचा जम बसल्यावर १७७७ मध्ये शास्त्रीबोवांना सन्मानाने परत बोलाविण्यात आले आणि पुढे मृत्यूपर्यंत, २५ ऑक्टोबर १७८९ पर्यंत, ते त्याच आसनावर होते. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफनेही, मराठ्यांविषयी त्याचा हात एरवी आखडता असला तरी, या न्यायाधीशाची स्तुती मोकळेपणाने केली आहे.