ऋत्विक घटक आणि सुटलेलं घर

आमचं जुनं गाव धरणात गेलं. आजी अजून तिथल्या ओट्याची आठवण काढते. म्हणून मी बंगाली सिनेमा दिग्दर्शक ऋत्विक घटक यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचा जन्म १९२५ साली ढाका येथे झाला. १९४७ साली फाळणी झाली आणि त्यांचा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला. ते कलकत्त्याला राहिले. घर सुटलेल्या माणसांवर त्यांनी सिनेमे काढले. १९६० सालच्या ‘मेघे ढाका तारा’त निर्वासितांच्या वस्तीतली नीता कमावून सगळं घर पोसते आणि स्वतः क्षयाने आजारी पडते. पुढे त्यांनी पुण्याच्या फिल्म संस्थेत शिकवलं. १९७६ साली ते वारले.

मीही आजीला विचारून विचारून जुन्या घराचं चित्र काढलंय. ओटासुद्धा आहे. खाली लावलंय, पालकांनी जरूर पाहावं.