पाल्यांच्या कैवारी कॉर्नेलियाबाई सोराबजी

अनाथ बालकास अन्न, वस्त्र व आसरा देणारे दयाळू हात समाजात पुष्कळ असतात. परंतु ज्याच्या हाती आपले पालनपोषण आहे त्याच्याच कारभाराविषयी त्या बालकास काही सांगावयाचे असेल, तर ते शांतपणे ऐकून घेऊन वरिष्ठांच्या कानी घालणारा मनुष्य विरळाच. हे विरळ कार्य ज्यांनी आयुष्याची ऐन वर्षे वेचून केले, त्या बाईंचे अल्पचरित्र या महोत्सवाच्या प्रसंगी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ होते. कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे. आई फ्रान्सिनाबाई यांना लहानपणी फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढविले होते, आणि त्या मानलेल्या आजीवरूनच मुलीचे नाव कॉर्नेलिया ठेवण्यात आले. परक्या घरी वाढलेल्या या मातेने पुढे पुण्यात शाळा काढल्या. बाईंचे बालपण बेळगाव व पुणे येथे गेले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी उत्तम प्रकारे संपादन केली. विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीस त्या गुणांनी पात्र होत्या. स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडातील हितचिंतकांनी वर्गणी जमविली व 1889 साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याची वरिष्ठ परीक्षा त्यांनी 1892 साली दिली. मात्र स्त्रियांस पदवी देण्याचा नियम नसल्यामुळे ती प्रत्यक्ष हाती पडावयास 1922 साल उजाडले.

स्वदेशी परतल्यावर पडदानशीन विधवा व त्यांची पोरकी मुले यांची दैना त्यांनी पाहिली. जमीनदार मरण पावला व वारस अज्ञान असला, म्हणजे त्याची जिंदगी सरकारचे कोर्ट ऑफ वॉर्ड्स आपल्या ताब्यात घेई. जिंदगीचे हिशेब चोख राहत. पण मुलाचे काय? त्याच्या मृत्यूने ज्यांचा लाभ व्हावयाचा असे भाऊबंद कित्येकदा त्याच वाड्यात नांदत. सरकारी अंमलदार पुरुष असल्याने त्यांना जनानखान्यात प्रवेश नसे. आईचे दुःख व बाळाचे भय कारकुनाच्या कागदावर चढतच नसे.

म्हणून बाईंनी 1902 साली सरकारकडे अर्ज केला की, अशा स्त्रिया व अज्ञान मुले यांच्यासाठी कायदा जाणणारी स्त्री नेमावी. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांचीच नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा व आसाम हे प्रांतही त्यांच्या कामात आले. पालखीतून, होडीतून, प्रसंगी हत्तीवरून त्या दूरदूरच्या वाड्यांत जात, बायामुलांशी बोलत, आणि त्यांचे म्हणणे कोर्टापुढे मांडीत. सुमारे वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व अनाथ बालके यांना त्यांचे साहाय्य लाभले.

तथापि या कार्यात एक उणीव होती, ती सांगितली पाहिजे. जे कोर्ट मुलाचे पालक, तेच बाईंचे धनी होते. पालक व पाल्य यांचे हित एक असेल तोवर हे चाले. ते भिन्न झाले की सल्ला देणे बाईंच्या हाती, निर्णय मात्र कोर्टाच्या हाती. मुलाचा कैवारी पालकाचा बांधील नसावा, हा धडा त्यांच्या कार्याच्या यशातून व मर्यादेतूनही मिळतो.

स्त्रियांस वकिलीचा मार्ग 1923 च्या कायद्याने मोकळा झाल्यावर बाईंनी कलकत्त्यास वकिली केली. राजकारणात त्यांनी इंग्रजी अमलाचा पक्ष घेतला, त्यामुळे स्वदेशात त्यांचे नाव मागे पडले. 6 जुलै 1954 रोजी त्या लंडन येथे निवर्तल्या.

आज हा धडा कायद्यात काही अंशी उतरला आहे. 2015 च्या बालन्याय अधिनियमान्वये बालकल्याण समितीने बालगृहांस महिन्यातून किमान दोनदा भेट द्यावयाची असते, आणि सहा वर्षांवरील मुलांच्या गृहात मुलांचीही समिती असावी लागते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक बालकास, मिळकत न पाहता, विनामूल्य वकील मिळू शकतो. 1098 हा दूरध्वनी संकटातील मुलांसाठीच आहे.

वाचकहो, आपली वागळे इस्टेट ही कारखान्यांची वसाहत. दूरदूरच्या गावांहून पोटासाठी आलेली कुटुंबे येथे राहतात, आणि कमावता माणूस गेला की मूल एकाएकी परक्यांच्या आसऱ्यास जाते. आसरा देणारे आश्रम आपल्या भगिनींचे असोत वा सरकारचे, तेथील माया कितीही खरी असो, मुलाशी एकांतात बोलून त्याचे म्हणणे निर्भयपणे पुढे नेणारे बाहेरचे माणूस हवेच. त्यात आश्रमाचा अविश्वास नाही. उलट ज्या घरात मुलाचे गाऱ्हाणे ऐकले जाते, त्या घराचीच अब्रू वाढते. आपल्यापैकी जे शिकलेले व सवड असलेले आहेत त्यांनी या कामी पुढे यावे, हेच कॉर्नेलियाबाईंचे खरे स्मरण होय.