काळ्या कापडाखालचा माणूस : यूजेन आत्जे

फ्रान्समधील बोर्दो शहराजवळ लिबूर्न या गावी १२ फेब्रुवारी १८५७ रोजी यूजेन आत्जेचा जन्म झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि आजी-आजोबांनी त्याला वाढवले. तरुणपणी काही काळ जहाजावर नोकरी केली. मग नट होण्याच्या ओढीने १८७८ साली तो पॅरिसला आला. नाट्यशाळेत पहिल्या खेपेस प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्या खेपेस मिळाला. पण सक्तीच्या लष्करी नोकरीपायी तेही शिक्षण अर्धवट राहिले. फिरत्या नाटक मंडळीत दुय्यम भूमिका करीत त्याने काही वर्षे काढली. व्हॅलेंटाईन ही नटी त्याला याच काळात भेटली आणि तिने त्याला जन्मभर साथ दिली. पुढे घशाच्या विकाराने रंगभूमी सुटली. चित्रकला करून पाहिली, तीही साधली नाही. इतके सगळे हातचे गेल्यावर तिशी ओलांडलेल्या या माणसाने कॅमेरा हाती घेतला.

जवळजवळ त्याच सुमारास, १८८८ साली, अमेरिकेत ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला. काचेऐवजी गुंडाळी, तिवईची गरज नाही, कळ दाबली की काम झाले. फोटो काढणे हा घरोघरचा खेळ होऊ लागला. आत्जेचा कॅमेरा मात्र लाकडी पेटीचा, भात्याचा. त्यात १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा बसत. पेटी, तिवई, काचा आणि काळे कापड मिळून पंधरा-वीस किलोंचे ओझे होई. ते घेऊन तो पहाटे घराबाहेर पडे.

हे सगळे कशासाठी? पॅरिस बदलत होते. जुने वाडे, गल्ल्या, दुकानांच्या पाट्या, दारांच्या कड्या, जिन्यांचे कठडे एकेक करून नाहीसे होत होते. १८९७-९८ च्या सुमारास आत्जेने हे सारे टिपायचे मनावर घेतले. फेरीवाले, छत्र्या विकणारे, चिंध्या गोळा करणारे हेही त्याच्या काचांवर आले. मोंपार्नास भागातील कांपान्य-प्रेमियेर रस्त्यावर तो १८९९ पासून राहत होता. कलावंतांसाठी संदर्भचित्रे मिळतील, अशा अर्थाची त्याची पाटी होती. स्वतःला तो कलावंत म्हणवून घेत नसे. चित्रकार, कारागीर, संग्रहालये व ग्रंथालये ही त्याची गिऱ्हाइके.

आता त्या कॅमेऱ्याकडे जरा नीट पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. आत्जे फोटो मोठा करून छापत नसे. काच कागदावर ठेवून चौकट उन्हात मांडायची आणि चित्र हळूहळू उमटू द्यायचे, ही त्याची पद्धत. म्हणजे काच जेवढी, तेवढाच फोटो. गिऱ्हाइकाला कड्यावरची नक्षी स्पष्ट हवी असेल, तर काच मोठीच हवी. उंच इमारत सरळ यावी म्हणून तो भिंग वर सरकवी. त्यामुळे पुष्कळ फोटोंच्या वरच्या कोपऱ्यांत काळी कमान दिसते. भिंग तेवढे पुरत नसे, हे त्याला दिसतच असणार. तरी तो त्याच भिंगाने काम करीत राहिला. प्रकाश घ्यायला वेळ लागे, म्हणून चालती माणसे धुक्यासारखी पुसट उमटत किंवा उमटतच नसत.

आपल्याकडे फोटोची हौस असलेल्या मित्रांच्या गप्पा बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. माझे वडील गवंडी आहेत. त्यांची थापी मला आठवते तेव्हापासून एकच आहे. तिचा दांडा दोनदा बदलला, पाते तेच. परवडत नाही म्हणून की हाताला बसली म्हणून, हे त्यांनाही सांगता येणार नाही. आत्जेबाबतही मला आधी वाटले, गरिबी, दुसरे काय? पण १९२० साली त्याने २,६२१ काचा सरकारला १०,००० फ्रँकला विकल्या. पैसा हाती आला. त्या पैशाने त्याने कॅमेरा बदलला नाही. वेळ विकत घेतला. गिऱ्हाइकाची वाट न पाहता तो व्हर्साय, सँ-क्लू येथील बागांत जाऊ लागला. १९२५ च्या वसंतात सोच्या ओसाड उद्यानात भल्या सकाळी काढलेले त्याचे फोटो मला सर्वांत आवडतात. तळ्याकाठचे पुतळे, पानगळीची झाडे आणि ओला उजेड, बाकी काही नाही.

त्याच वर्षी जर्मनीत लायका हा हातात मावणारा कॅमेरा विक्रीस आला. त्याच रस्त्यावर राहणारा अमेरिकन कलावंत मान रे याने आत्जेला छोटा कॅमेरा देऊ केला होता, असे तो पुढे सांगत असे. आत्जेला तो नको होता; त्याला विचार करायला लागणाऱ्या वेळापेक्षा ते यंत्र घाईचे वाटले. यात हट्ट नव्हता असे मी म्हणणार नाही. धावते मूल, रस्त्यावरचे भांडण त्या लाकडी पेटीला कधीच सापडले नसते, आणि ते पॅरिस आपल्याला त्याच्याकडून मिळाले नाही. १९२६ साली मान रेच्या मंडळींनी ग्रहण पाहणाऱ्या गर्दीचा त्याचा १९१२ चा फोटो आपल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापला. आत्जेने आपले नाव घालू नका असे कळवले.

व्हॅलेंटाईनचा मुलगा १९१४ साली महायुद्धात मारला गेला होता. १९२६ साली तीही गेली. मान रेची पूर्वीची साहाय्यक बेरेनिस ॲबट हिने १९२७ मध्ये आत्जेचा फोटो काढला. ती प्रत दाखवायला त्याच्या घरी गेली, तेव्हा तो हयात नव्हता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याचे निधन झाले होते.

त्याने आयुष्यभरात सुमारे साडेआठ हजार चित्रे घेतली होती. ॲबटने १९२८ साली उरलेल्या काचा व हजारो प्रती विकत घेतल्या. त्या न्यूयॉर्कला नेऊन जवळजवळ चाळीस वर्षे सांभाळल्या आणि १९६८ साली तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाच्या हवाली केल्या. दरम्यान तिने स्वतः न्यूयॉर्कच्या बदलत्या रस्त्यांचे फोटो काढायला घेतले होते. त्यासाठी तिने तिवईवरचा, भात्याचा मोठा कॅमेरा वापरला.